उरलेला पिवळेपणा

डबी उघडली आणि आतला तुकडा पिवळा निघाला, तेव्हा मास्तरांना आधी राग आला; भीती नंतर. घशाच्या गोळ्यांची जुनी पत्र्याची डबी, आत कापूस, आणि कापसात अंगठ्याएवढा संगमरवराचा तुकडा. मोठ्या पोस्टाच्या दर्शनी भिंतीवरची एक फुटकी लादी उतरवली होती, तिच्या पाठच्या बाजूनं तो त्यांनीच काढून घेतला होता. तिथं ऊन, धूर, पाऊस काही कधी पोचलं नव्हतं, म्हणजे हा दगड मुळात किती पांढरा होता याचा तेवढाच एक साक्षीदार. काम सुरू झालं त्या दिवशी डबी उघडली होती, त्यानंतर कधी नाही. गरजच पडली नाही. तो पांढरा त्यांना पाठ होता. आज उघडायचं कारण म्हणजे खांबालगतच्या लादीवरून सकाळी बाईंशी जरा बाचाबाची झाली. बाई म्हणाल्या, ही झाली, पुढची घेऊ. मास्तर म्हणाले, अजून पिवळी आहे. त्यावर बाई वाद घालतील असं त्यांना वाटलं होतं, पण त्या काही बोलल्याच नाहीत, नुसता ब्रश धूत राहिल्या. त्या गप्प बसण्यात असं काहीतरी होतं की मास्तरांना पुरावा दाखवावासा वाटला. म्हणून डबी. आणि डबीत हे.

"याला कुणी हात लावला होता?" त्यांनी विचारलं.

"कशाला?"

"या नमुन्याला. तेलकट हातानं धरलाय कुणीतरी. पिवळा पडलाय बघा."

बाई परांचीच्या फळीवरून जपून पावलं टाकत आल्या. तुकडा तळहातावर घेतला. परांचीभोवतीच्या हिरव्या जाळीचा रंग त्यावर पडतोय असं वाटून त्यांनी जाळी हातानं बाजूला केली आणि तुकडा उघड्या उजेडात धरला. "मास्तर," त्या म्हणाल्या, आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलावं तसं हळू, "हा पांढरा आहे. अगदी पांढराशुभ्र आहे."

बाई म्हणजे रसायनवाल्या बाई. डागावर लावायचं द्रावण त्या बनवायच्या. कामगार त्याला औषध म्हणत आणि त्यांना औषधवाल्या बाई. दगडाचं सगळं मास्तरांकडे. ते कुठल्या शाळेत कधी मास्तर नव्हते, पण परांचीवर चढलेल्या प्रत्येकाला दगडाबद्दल दोन शब्द ऐकवल्याशिवाय त्यांना राहवत नसे, म्हणून नाव पडलं. दोघांनी मिळून बऱ्याच इमारती धुतल्या होत्या. अमोनियाचा क्षार पाण्यात विरघळवायचा, त्यात कागदाचा लगदा भिजवायचा, तो लादीवर थापून वर प्लास्टिक लावायचं. लगदा वाळता वाळता डाग शोषून घेतो. सोपं दिसतं. पण एकदा जास्त झालं की डागाबरोबर दगडही जातो. वरची तुकतुकी मरते, मग दगड साखरेसारखा भुसभुशीत होतो, बोट फिरवलं की कण हाताला लागतात, आणि ते परत चिकटवायची सोय देवाकडेही नाही, असं मास्तर सगळ्यांना सांगत. कुठं थांबायचं हे ज्याला दिसतं तोच या धंद्यात टिकतो. आणि ते दिसण्याबद्दलच त्यांचं नाव होतं.

त्यांनी तुकडा परत घेतला, डबीत ठेवला, झाकण लावलं. मग उगाच इकडेतिकडे पाहिलं. प्लास्टिकची बादली. ती पांढरी होती का? पांढरीच असणार, पांढऱ्याच बादल्या मागवतात. बाईंच्या हातातला कागद. खाली रस्त्यावर उभी असलेली दूधवाल्याची गाडी. एकेका वस्तूकडे ते ओळख पटवायला बोलावलेल्या माणसासारखे बघत राहिले, आणि प्रत्येक वस्तू फिक्या चहात बुडवून काढल्यासारखी दिसली. आजच तशी झालेली नव्हती. ती कधीपासूनच तशी होती, हे त्यांच्या लक्षात आलं. झोपायच्या खोलीचा रंग. भिंती पिवळट दिसतात म्हणून त्यांनी खोली रंगवून घेतली होती. तरी पिवळट दिसल्या म्हणून रंगाऱ्यावर डाफरले होते, स्वस्तातला माल वापरतोस म्हणून, आणि पुन्हा रंगवायला लावली होती. घरातले दिवे बदलले होते. बायको म्हणाली होती, "अहो, डोळे दाखवून या एकदा." हे ती इतक्या सहज म्हणाली होती, भाजी निवडता निवडता, की त्यांनीही तितक्याच सहज ते झटकून टाकलं होतं. सहज? तेव्हा छातीत काहीतरी आवळलं होतं, ते आत्ता त्यांना आठवलं. माणूस स्वतःपासून किती गोष्टी लपवतो, आणि किती सराईतपणे.

"मी जरा जाऊन येतो," ते म्हणाले.

"कुठं?"

"काम आहे."

बाईंनी अडवलं नाही. शिड्या उतरताना त्यांनी प्रत्येक दांड्याला हात लावून खात्री केली, जणू तोही दिसतो त्याहून वेगळ्या जागी असू शकेल.

बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली. बाहेर बघायला नको म्हणून ते मांडीवरच्या हातांकडे बघत बसले. डोक्यात एकच गोष्ट होती: वाचनालयाचे खांब. गेल्या साली त्यांनी वाचनालयाच्या दारासमोरचे चार खांब धुतले होते, डोक्यावर दगडी पानांची नक्षी असलेले. त्या खांबांचा पिवळेपणा जाता जात नव्हता. लेपावर लेप. पाच वेळा, सहा वेळा. असा चिवट डाग आयुष्यात पाहिला नाही, असं ते बाईंना म्हणालेही होते, काहीशा अभिमानानं. आता तो डाग कुठं होता हे कळल्यावर तो सगळा अभिमान आतल्या आत नासला. खांबावर नसलेला डाग काढायला त्यांनी खांबावर सहा वेळा औषध लावलं होतं. म्हणजे खांब खाल्ले होते. पानांच्या कडा बोथट झाल्या असतील. साखर झाली असेल. आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नसेल, कारण कुठं थांबायचं ते मास्तरांना दिसतं यावर सगळ्यांचा विश्वास.

बस एका चौकात बराच वेळ अडकली. त्यांना वडील आठवले. वडील शिंपी होते. उतारवयात त्यांना रंग कळेनासे झाले. काळ्या कापडावर निळा दोरा घालत, तपकिरीवर हिरवा. दुपारी ते आडवे झाले की आई त्यांनी शिवलेला कोट मांडीवर घेऊन बसे, सगळी शिवण उसवे आणि बरोबर रंगाच्या दोऱ्यानं हातानं पुन्हा घाली. सुईत दोरा ओवून द्यायचं काम मास्तरांचं. घरात याबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे. वडील जागे होत, कोट उचलून शिवणीवरून अंगठा फिरवत आणि म्हणत, जमलाय. मग हळूहळू अंधार आला, पूर्ण. शेवटी शेवटी त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीपासून दारापर्यंत धरून न्यावं लागे. एकदा तसं नेताना ते मध्येच म्हणाले होते, "तुझ्या आईचा टाका माझ्याहून बारीक आहे, नाही?" तेव्हा मास्तरांना ती म्हातारपणाची बडबड वाटली. आज बसच्या काचेला डोकं टेकवून बसल्यावर अंगावर काटा आला. म्हणजे त्यांना माहीत होतं. अंगठ्याला कळत होतं. आणि ते रोज दुपारी आडवे होत होते, झोप येवो न येवो.

डोळे दाखवायला न जाण्याचं खरं कारण ती खुर्ची होती. घरातल्या कोपऱ्यातली. त्यांनी ते आज पहिल्यांदा स्वतःशी शब्दांत म्हटलं.

ते वाचनालयासमोर उतरले. लांबून खांब दिसले, पिवळे. अर्थातच पिवळे. ते पायऱ्या चढले आणि पहिल्या खांबाजवळ जाऊन त्यांनी डोळे मिटून घेतले. डोळ्यांची साक्ष आता ग्राह्य नव्हती. त्यांनी बोटं टेकवली. आधी टोकं, मग पूर्ण तळवा. साखर हाताला लागेल या तयारीनं हात आधीच आकसला होता. पण काही लागलं नाही. दगड गार होता, गुळगुळीत, खालून वर हात फिरवला तर कुठंही न अडणारा. त्यांनी गाल टेकवून पाहिला. बोटांना राठपणा आलेला असतो, गाल खोटं बोलत नाही. गालालाही तुकतुकीच लागली. दुसरा खांब. तिसरा. चौथ्या खांबाला तळाशी कोरलेली एक वेल होती. वाकून तिच्या पानांच्या कडांवरून त्यांनी नख फिरवलं. कडा धारदार होत्या. एवढ्या धारदार, की कोरणारा कारागीर नुकताच चहा प्यायला गेला असावा.

"अजून पुसायचे राहिलेत का?" दारातल्या पहारेकरी बाईनं विचारलं. गेल्या सालापासून ती त्यांना ओळखत होती. खांबाला गाल लावून उभा असलेला साठीचा गृहस्थ बघून तिला विशेष काही वाटलेलं दिसलं नाही.

"नाही. बघत होतो."

"डोळे मिटून?"

"हो," मास्तर म्हणाले. "बरे दिसतात का तुम्हाला? खरं सांगा."

ती खांबांकडे वळून बघायला लागली, बहुधा पहिल्यांदाच. "चांगले आहेत की. उन्हात बघवत नाही दुपारी, इतके पांढरे."

मास्तर पायरीवर बसले. जीव भांड्यात पडला असं म्हणायला हवं, पण भांडं कुठलं ते कळत नव्हतं. सहा लेपांनंतर दगड असा राहूच शकत नाही. अमोनियाच्या क्षाराला दयामाया नसते. आपण लावलेलं औषध आणि आपल्या हाताखालचा हा दगड, यांचा हिशेब जुळत नव्हता, आणि एखाद्या अपघातातून आपण धडधाकट उठून उभे राहावं आणि तरीही अंग चाचपत राहावं, तसे ते मागे वळून वळून खांबांना हात लावत राहिले. शेवटी पहारेकरी बाईनं त्यांना पाणी आणून दिलं. पाणी पिता पिता, पेला तोंडाला तसाच धरून, ते थांबले: लगद्यात खरंच औषध होतं का?

पोस्टाशी परतले तेव्हा कामगार जेवायला गेले होते. बाई परांचीच्या तळाशी उपड्या बादलीवर बसून डबा खात होत्या. त्यांनी शेजारची बादली पुढं सरकवली. मास्तर बसले.

"वाचनालयात गेला होतात," बाई म्हणाल्या.

"हो. खांब ठणठणीत आहेत."

"आहेत."

"औषधात काय होतं, बाई?"

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. रस्त्यावरून एक बाई मुलाला ओढत नेत होती, ती दिसेनाशी होईपर्यंत त्या बघत राहिल्या. "पहिल्या दोन लेपांत औषध. नंतर नुसतं शुद्ध पाणी."

"वास येत होता. मी स्वतः वास घ्यायचो."

"वासापुरते थेंबभर टाकायचे. लगद्यात नाही, बादलीच्या काठाला."

"आणि इथं?"

"इथंही तेच. खांबालगतच्या लादीला परवापासून पाणीच चाललंय. दगडाला आंघोळ, बाकी काही नाही."

मास्तरांच्या कानशिलांत रक्त चढलं. इतकी वर्षं बरोबर काम करून या बाईनं त्यांना लहान मुलासारखं खेळवलं होतं. त्यांनी हाताची घडी घालून, मान तिरकी करून पिवळेपणा जोखावा आणि हिनं पाणी द्यावं. कामगारांनाही माहीत असणार. मागं हसले असतील. "मला सांगता आलं नसतं?" त्यांचा आवाज त्यांनाच चिरका वाटला.

"सांगितलं होतं. वाचनालयाच्या दुसऱ्या खांबाशी. तुम्ही म्हणालात, बाई, तुम्ही औषध बघा, रंग मी बघतो. मग चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत." बाईंचा सूर तक्रारीचा नव्हता. "दुसऱ्यांदा सांगायला गेले तर काम सोडून निघाला असतात. तुमच्याशिवाय मला दगड कळत नाही, मास्तर. खरंच कळत नाही. कुठली लादी आतून पोकळ झालीय, कुठं भेग वाढणार, ते तुम्ही टिचकी मारून सांगता. रंग तेवढा मला दिसत होता. तर म्हटलं, रंग मी सांभाळते. आज सकाळी मात्र ठरवलं होतं की सांगायचंच. तर तुम्हीच डबी काढलीत."

राग अजून होता, पण त्याला बूड राहिलं नव्हतं. ओल्या भिंतीवर लावलेल्या कागदासारखा तो एकेका बाजूनं सुटत चालला होता. आणि त्याच्याखालून जे वर येत होतं ते त्यांना ओळखू यायला वेळ लागला. चार खांब जागेवर होते. त्यांनी काही खाल्लं नव्हतं. त्यांच्या हातून काहीही बिघडलं नव्हतं, आणि ते बिघडू नये म्हणून कुणीतरी सालभर बादलीच्या काठाला थेंबभर वास लावत बसलं होतं. त्यांना आईची मांडी आठवली, तिच्यावरचा उसवलेला कोट.

"हसले असतील सगळे," ते म्हणाले.

"कुणाला सांगितलेलं नाही. पाण्याचे कॅन मी घरून भरून आणायचे."

ते कॅन काय वजनाचे असतात ते मास्तरांना ठाऊक होतं. मग त्यांना एकदम हसू आलं, बारीक, नाकातून. आणि बाईंनी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं तर ते डोळे पुसत होते.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, हातातलं काम न थांबवता, आणि पाण्याचा भाग आला तेव्हा तिनं ओठ मुडपले. हे लक्षण त्यांना माहीत होतं.

"काय?"

"काही नाही."

"अगं, काय?"

"खोलीला दुसऱ्यांदा रंग दिलाच नव्हता," ती म्हणाली. "रंगारी म्हणाला, ताई, भिंती चांगल्या पांढऱ्याफेक आहेत, कशाला पैसे घालवता. मग तुम्ही कामावर होतात तेव्हा रंगाचा डबा उघडून दिवसभर खोलीत ठेवला. वास भरून राहिला. तुम्ही आलात, म्हणालात, हं, आता जरा बरं वाटतंय."

"म्हणालो होतो मी?"

"हो. आठ दिवसांनी पुन्हा कुरकूर सुरू केलीत, पण आठ दिवस शांततेत गेले."

आपलं नाक एवढं भोळं असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. मग ते गंभीर झाले आणि म्हणाले, बाबांसारखं असलं तर? बायकोनं हात पुसले, त्यांच्या समोर येऊन बसली. "असलं तर असलं. पण आधी बघू तरी. उद्या मी येते बरोबर." इतकंच. त्यांना जे कोपऱ्यातल्या खुर्चीबद्दल सांगायचं होतं ते तिला बहुधा आधीच माहीत होतं.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या आणि घाईत होत्या. हनुवटी टेकवून घेतली, डोळ्यांत उजेड टाकला, थेंब घातले, पुन्हा उजेड टाकला. मास्तरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. त्यांनी वडिलांचं सांगितलं, तुटक तुटक, एखादा गुन्हा कबूल करावा तसं. डॉक्टरांनी डोळ्याचा दाब मोजला, आतल्या पडद्याचा फोटो काढला, त्याकडे त्या अनंतकाळ बघत राहिल्या असं त्यांना वाटलं, आणि मग म्हणाल्या, "वडिलांचं काय होतं ते मी सांगू शकत नाही. तुमचा पडदा उत्तम आहे. तुम्हाला मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे, चांगला जुना. डोळ्याच्या दारातली काच मळून पिवळी झालीय, एवढंच. काढू आणि नवीन बसवू."

"म्हणजे डोळे जाणार नाहीत?"

"काच जाईल. डोळे कशाला जातील?" त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "इतके दिवस कसं काम करत होतात तुम्ही?"

"सांभाळून घेत होते," मास्तर म्हणाले, आणि कोण ते सांगितलं नाही.

पहिला डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि दवाखान्याची भिंत निळसर दिसली. त्यांनी डॉक्टरांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, वाटेल काही दिवस, मेंदूला पांढऱ्याची सवय राहिलेली नाही. बाहेर आल्यावर त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. एकात रस्ता जुन्या फोटोतला, दुसऱ्यात आज सकाळचा. पोरकट खेळ होता, पण ते बसस्टॉपपर्यंत तो खेळत राहिले. बायको हात धरून चालत होती. तिच्या अंगावर एक स्वेटर होता, जांभळा, गर्द, ताज्या वांग्यासारखा.

"हा कधी घेतलास?"

"हा? तीन हिवाळे झाले. तुम्हीच म्हणाला होतात, तपकिरी तुला शोभतो."

"मग तू काही बोलली नाहीस?"

"शोभतो म्हणालात ना," ती म्हणाली. "रंगाचं कोण बघतं." तिचे केस कानामागं पार पांढरे झाले होते. तेही त्यांना आत्ताच दिसलं. त्यांना ते पिवळट, अजून थोडेसे काळे, असे काहीतरी वाटत होते. ते बघत राहिले. ती म्हणाली, काय बघताय, आणि त्यांनी सांगितलं की काही नाही, पांढरा बघतोय.

दुसरा डोळाही झाला. नंतर काही दिवस धूळ नको म्हणून परांचीवर बंदी होती. परत गेले तेव्हा भिंतीचं काम संपत आलं होतं. बाईंनी खांबालगतची ती लादी तेवढी तशीच ठेवली होती, प्लास्टिकखाली. "तुम्ही बघितल्याशिवाय हात लावला नाही," त्या म्हणाल्या. मास्तरांनी प्लास्टिक उचललं. लादी स्वच्छ होती. शेजारच्या लाद्यांहून थोडी जास्तच. तिच्या एका कडेला, जिथं दोन लाद्यांचा सांधा होता, मधासारखी एक फिकी छटा होती; त्यांनी जवळ जाऊन पाहिली, बोट ओलं करून फिरवलं. ती दगडाच्या आतून आलेली होती, इतक्या वर्षांच्या उन्हाची. हा पिवळेपणा खरा होता.

"हा दिसतो का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"दिसतो. काढायचा?"

पूर्वी या प्रश्नानं त्यांच्या मानेचे स्नायू ताठ होत. आता तसं काही झालं नाही. खूप दिवसांनी कुणीतरी आपल्याला साधा प्रश्न विचारला आहे आणि त्याचं उत्तर आपल्याला साधेपणानं येतंय, एवढंच त्यांना जाणवलं. "नको," ते म्हणाले. "तो त्याचा आहे. झालं हे काम."

परांची उतरवायला दोन दिवस लागले. शेवटची जाळी निघाली तेव्हा मास्तर आणि बाई समोरच्या फुटपाथवर उभे होते. पोस्टाची भिंत उन्हात उघडी पडली. कंगोऱ्याखालच्या सावल्या निळ्या, खांब पांढरे, मध्ये मध्ये दगडाची नैसर्गिक राखाडी रेघ. रस्त्यावरच्या कुणीही मान वर करून पाहिलं नाही. लोक आत जात होते, बाहेर येत होते. एक माणूस बाहेर आला, बगलेत पुडकं, आणि बुटाची नाडी सुटली म्हणून थांबला. त्यानं खांबाला पाठ टेकवली, धुरकटलेल्या कोटाची अख्खी पाठ, पाय उचलून खांबालाच लावला आणि नाडी बांधायला लागला.

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. अशा वेळी मास्तर रस्ता न बघता ओरडत पलीकडे धावत, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. मास्तरही एक पाऊल पुढं गेले होते. मग ते थांबले.

"टेकू दे," ते म्हणाले.

त्या माणसानं एक नाडी बांधली, मग घाई नसल्यासारखी दुसरीही सोडून नीट बांधली. थोडा वेळ तसाच उन्हात टेकून उभा राहिला, आणि गेला.

"चहा घेऊ या?" बाई म्हणाल्या.

"घेऊ," मास्तर म्हणाले, आणि दोघं रस्ता ओलांडायला गाड्या थांबायची वाट बघत उभे राहिले.